हिराजी नाखवा आणि नववा पिंजरा

हिराजी नाखवा खोटं बोलू शकतो, असं मला तीन वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर मी त्या माणसाशी भांडले असते. भांडायला मला फारसं कारण लागत नाही, हे आमच्या पनवेलच्या ऑफिसात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. पण नाखवासाठी मी जरा जास्तच भांडले असते. तो माझ्या वडिलांपेक्षा दोनच वर्षांनी लहान. समोर असताना मी त्याला नेहमी अहो-जाहो केलं. आता लिहायला बसले तर ते अहो-जाहो कागदावर उतरत नाही, आणि मी ते ओढूनताणून उतरवणारही नाही.

मी मूळची साताऱ्याकडची. आमच्याकडे मासा म्हणजे आठवड्याच्या बाजारात कधीतरी येणारी वस्तू. तरी मी मत्स्यशास्त्र शिकले, आणि खाडीत मासे वाढवणाऱ्या गटांना बीज आणि खाद्य पुरवणाऱ्या एका छोट्या कंपनीत नोकरीला लागले. ऑफिस पनवेलला, भाड्याचं घर करंजाड्याला. माझं काम माशांची तब्येत बघायचं. उरणच्या बाजूला, खाडीच्या तोंडाशी, आमच्या एका गटाचे आठ पिंजरे होते. पिंजरा म्हणजे पिंपांवर तरंगणारी लोखंडी चौकट आणि तिच्याखाली पाण्यात सोडलेलं भल्यामोठ्या पिशवीसारखं जाळं. आत जिताडे, खाडीत वाढणारे मोठे मासे. हिराजी नाखवा त्या गटाचा म्होरक्या.

पिंजऱ्यावर जाताना तो कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचा. खाली गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, पायात काही नाही. शेवाळ, चिखल, माशांच्या खाद्याचा वास मारणारी पोती, या सगळ्यातून तो दिवसभर वावरायचा आणि संध्याकाळी शर्ट बऱ्यापैकी पांढराच असायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाला, आपण कामाला आलोय, लोळायला नाही. चपला घालून चौकटीवर चढलेलं त्याला चालायचं नाही. कंपनीचा मोठा साहेब आला तेव्हा त्यालाही बूट काढायला लावले होते, आणि साहेब फाटक्या मोज्यांत दोन तास हिंडला होता. त्या दिवसापासून नाखवा मला फारच आवडायला लागला.

पण त्याआधी त्याने माझीच खोड मोडली होती. पहिल्याच दिवशी. माशांच्या अंगाला चिकटणारा एक चपटा किडा असतो. पुस्तकात त्याचं नाव हातभर लांब आहे. नाखवा त्याला टिकली म्हणायचा. ही टिकली माशाच्या कातडीवर जगते. माशाला खाज सुटते, तो जाळ्यावर अंग घासतो, खवलं जातात, जखमा होतात, डोळे पांढरे पडतात आणि शेवटी मासा मरतो. मी नवीन भिंग घेऊन गेले होते. एका जिताड्याची एक बाजू नीट तपासून ऐटीत सांगितलं, तीन आहेत. नाखवाने होडीतून पितळी परात काढली, कॅनमधलं गोडं पाणी तिच्यात ओतलं आणि तोच मासा हळूच आडवा ठेवला. खाऱ्या पाण्यात काचेसारखी असणारी टिकली गोड्या पाण्यात मरते आणि मरताना पांढरी होते. बघता बघता माशाच्या अंगावर पांढरे ठिपके उगवायला लागले. नाखवाने मला मोजायला लावलं. एकेचाळीस निघाले.

"पोथीत तीन, परातीत एकेचाळीस," तो म्हणाला. "मासा बोलत नाय, म्याडम. म्हनून त्याच्या वतीनं आपुन खोटा बोलायचा नाय."

हे वाक्य मी नंतर ऑफिसच्या प्रत्येक नव्या माणसाला ऐकवलं. दोन ट्रेनिंगांत ऐकवलं. आमच्या साहेबांनी ते त्यांचंच असल्यासारखं एका भाषणात वापरलं, तेव्हा मी साहेबांशीही भांडले.

टिकलीवर उपाय म्हणजे आंघोळ. चौकटींच्या मध्ये ताडपत्रीची मोठी झोळी बांधायची, पिंपांतून आणलेलं गोडं पाणी तिच्यात भरायचं, मासे थोडे थोडे करून तिच्यात सोडायचे, काही मिनिटांनी काढायचे. टिकल्या गळून पडतात. पण त्यांची अंडी जाळ्याच्या धाग्यांना चिकटून राहतात. म्हणून त्याच दिवशी जुनं जाळं काढून नवं लावायचं, आणि जुनं उन्हात कडक वाळवायचं. आंघोळ घातली पण जाळं ओलं राहिलं, तर सगळी मेहनत पाण्यात.

नाखवा स्वतः त्या झोळीत उतरायचा. कमरेएवढ्या पाण्यात, चहूबाजूंनी जिताडे, आणि हा मध्ये उभा. एखादा मासा जरा कलला की तो दोन्ही हातांनी उचलून बाहेर द्यायचा. त्याच्या झोळीत मासा मेलेला मी कधी पाहिला नाही. बाकीचे बाहेर उभे राहून घड्याळ बघायचे. हा माशांकडे बघायचा.

आठही पिंजऱ्यांची आंघोळ एकाच दिवशी, हा नियम त्याचाच. शाळेत एका मुलीच्या डोक्यातल्या उवा काढल्या आणि शेजारच्या मुलीच्या तशाच ठेवल्या, तर आईने फणी कितीही फिरवली तरी काय होणार? तसंच हे. एक पिंजरा राहिला तर टिकल्या तिथून परत सगळीकडे पसरतात. हे मी पुस्तकातून सांगत होते तेव्हा गटातले लोक जांभया देत होते. पांडुरंग म्हात्रे म्हणून एक सभासद होते, त्यांनी तर आपल्या पिंजऱ्याची आंघोळ पुढच्या आठवड्यावर ढकलली, घरात बारसं आहे म्हणून. नाखवा सकाळी त्यांच्या चौकटीवर जाऊन बसला. जेवणाची वेळ झाली, बसून. भरती आली, बसून. पांडुरंगशेठनी बारशाचे पेढे पाठवले, ते खाल्ले आणि पुन्हा बसून. शेवटी दुपारी शेठ बारशाच्या नव्या कपड्यांतच आले आणि झोळी बांधायला लागले. तेव्हाच गटाने ठरवलं की जो आंघोळ चुकवेल किंवा जाळं वाळवणार नाही, त्याची जागा जाईल. हात वर करून ठरलं. पहिला हात नाखवाचा.

त्याचं मूळ गाव विमानतळाच्या जागेत गेलं. बदल्यात करंजाड्याला प्लॉट मिळाला, त्यावर चार मजली बिल्डिंग उभी राहिली आणि नाखवा सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायला गेला, कारण वर गच्ची. गच्चीवर तो जाळी शिवायचा. खालच्या मजल्यांवर पुण्या-मुंबईकडची नोकरदार कुटुंबं भाड्याने होती. त्यांनी जाळ्यांच्या वासाबद्दल तक्रार केली, तर त्याने सगळ्यांना गच्चीवर जेवायला बोलावलं आणि नाखविणीच्या हातचं कालवण वाढलं. तक्रार करणाऱ्यांपैकी एक बाई तर पुढे दर रविवारी जिना चढून जायला लागल्या. मी दोन गल्ल्या सोडून राहायचे. माझं काही दुखलंखुपलं तर नाखवीण डबा घेऊन हजर. माझ्या आईला पनवेल कुठे आहे ते धड ठाऊक नव्हतं, पण फोनवर ती आधी नाखवाची चौकशी करायची.

शिमग्याला तो मला जिताडा भेट द्यायचा. इकडे ही जुनी रीत आहे. ज्याचा मान ठेवायचा त्याच्या दारात जिताडा जातो: व्याह्याकडे, डॉक्टरकडे, वकिलाकडे, एखाद्या साहेबाकडे. मासा मोठा हवा आणि अख्खा हवा. एक खवल निघालेलं चालत नाही, शेपटी फाटलेली चालत नाही. तसा मासा नेणं म्हणजे समोरच्याचा अपमान. नाखवा मासा दारात दाखवायचा, मी हात जोडायचे, मग तो म्हणायचा, घाटावरच्या माणसाला काय जमणार हे, आणि मासा परत घरी न्यायचा. तासाभराने नाखवीण कापलेले, धुतलेले तुकडे आणून द्यायची. दोन वर्षं असं झालं. माझ्या दारात जिताडा येतो, हे मी साताऱ्यात सगळ्या भावकीला सांगितलं होतं.

आता सुगंधाबाय. पनवेलच्या मासळी बाजारात तिचा ओटा आहे. कोयता तिच्यासारखा चालवणारी बाई मी पाहिली नाही, आणि जीभही तशीच. तिने गावातल्या अकरा बायकांचा बचत गट केला आणि आठांपैकी सात आणि आठ नंबरचे पिंजरे त्यांना मिळाले. दुसऱ्यांची मासळी विकण्यात जन्म गेला, आता स्वतःची विकू, एवढंच तिचं म्हणणं होतं. अकराजणी पाळीपाळीने होडीतून जायच्या, खाद्य टाकायच्या, जाळी घासायच्या. पहिलं वर्ष चांगलं गेलं. दुसऱ्या वर्षी थंडीत टिकल्या वाढायला लागल्या. आंघोळ घातली की पंधरा दिवस बरं जायचं आणि पुन्हा तेच. सगळ्यात जास्त सात आणि आठमध्ये. मी परात घेऊन महिनाभर डोकं फोडत होते. मग एका आठवड्यात बायकांचे जवळजवळ सगळे मासे गेले. डोळे पांढरे पडलेले, अंगावर हाताएवढ्या जखमा. बायका पाट्या भरभरून मेलेले मासे काढत होत्या.

मी नाखवाला विचारलं, असं का झालं असेल. तो बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "कोनाच्या पोटावर पाय देयाचा नाय मना. पन बायांनी जाळी वाळवली नाय. दुसऱ्या दिशीच उचलली. वली व्हती, मी बगितला."

मी दुसऱ्या कोणालाही विचारलं नाही. कारण कशाला विचारायचं? अहवालात लिहिलं: जाळी पुरेशी न वाळवल्यामुळे प्रादुर्भाव. खाली सही केली. नियमाप्रमाणे बायकांच्या दोन्ही जागा गेल्या. त्या कोणाला द्यायच्या याची गटात चर्चा झाली आणि त्या नाखवाच्या जावयाला मिळाल्या. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. नाखवाचा जावई म्हणजे पोरगा शिस्तीचा असणार, असंच मला वाटलं.

सुगंधाबाय दुसऱ्या दिवशी ऑफिसात आली. बाजारातून थेट, हात पुसत. माझ्या टेबलासमोर उभी राहिली आणि तिने विचारलं, जाळी तू बघितलीस का. मी म्हणाले, नाखवांनी बघितली. तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी चिडले. नाखवा खोटं बोलत नाहीत, असं मी तिला आवाज चढवून सांगितलं, आणि समोरची फाइल उघडून वाचायला लागले. मी मान वर केली तेव्हा ती गेलेली होती.

त्यानंतर मार्चमध्ये सगळ्यांची पुन्हा एक आंघोळ झाली. आठव्या दिवशी शिमगा. नाखवीण तेव्हा मुलीच्या बाळंतपणासाठी गेलेली, म्हणून यंदा नाखवा अख्खा जिताडाच माझ्या हातात देऊन गेला. काप आता तूच, शिक कधीतरी, म्हणाला. मी तो सिंकमध्ये ठेवला, बूच लावलं, नळ सोडला आणि सुरी शोधायला लागले. परत वळून बघते तर माशाच्या पाठीवर पांढरे ठिपके उगवत होते.

मी नळ बंद केला आणि सवयीने मोजायला लागले. साठाच्या पुढे सोडून दिलं. काही टिकल्या तर मसुराच्या डाळीएवढ्या होत्या. आंघोळ होऊन आठ दिवस झाले असतील तर एवढी टिकली असूच शकत नाही. आठ दिवसांत ती जेमतेम दिसण्याएवढी होते. या माशाला आठ दिवसांपूर्वी आंघोळ घातलेली नव्हती. त्याआधीही कधी घातली नसावी; विरळ ठेवलेला मोठा मासा टिकल्या बराच काळ सोसतो. आणि मग मला ती चौकट आठवली. सात आणि आठच्या शेजारी, ओहोटीची धार जिकडून त्यांच्याकडे येते त्या बाजूला, नाखवाची जुनी होडी कायम बांधलेली असायची. तिच्याआड एक लहान चौकट होती. मी कधीतरी विचारलं होतं तेव्हा "ते घरचा हाय" असं उत्तर मिळालं होतं. काही जुनं सामान असेल असं समजून मी तो विषय सोडला होता. दोन वर्षं ती चौकट माझ्या डोळ्यांसमोर होती.

मी वाटीत थोड्या टिकल्या घेतल्या आणि तशीच त्याच्या गच्चीवर गेले. तो जाळं शिवत बसला होता. मी वाटी त्याच्यासमोर ठेवली. त्याला काही समजावून सांगायची गरजच नव्हती.

"भेटीचा मासा हाय तो," तो म्हणाला. "त्याला आंघोळ नाय घालत. हाताळला का खवला जातान. तसा मासा कोनाच्या दारात नेऊ?"

मी म्हणाले, तुम्ही मला सांगितलंत की सगळ्या पिंजऱ्यांची आंघोळ झाली.

"आठांची झाली ना. तो पिंजरा नाय, म्याडम. ते घरचा हाय."

आणि गंमत अशी की हे तो मनापासून म्हणत होता. विकायचे मासे ठेवतात तो पिंजरा. भेटीचे मासे ठेवतात ते घर. घरातल्या वस्तूला गटाचा नियम कसा लागणार? त्याच्या हिशेबात पिंजरे आठच होते, आणि आठांबद्दल तो अक्षरशः खरं बोलत होता. एवढंच असतं तर मी त्याला माफ केलं असतं. चूक समजली असती, चूक सगळ्यांची होते.

मी विचारलं, आणि बायकांची जाळी?

त्याने सुईत दोरा ओढून घेतला, गाठ मारली, दाताने तोडली. पुढची गाठ घेतली. मी उभीच होते.

"वाळली व्हती," शेवटी तो म्हणाला. "जावई दोन वर्सां घरी बसून व्हता."

बस, एवढंच. हे त्याने आधीच मनाशी ठरवलं होतं, की मी कारण विचारल्यावर त्या पाण्याकडे बघताना त्याला सुचलं, हे मला आजही सांगता येत नाही. मला रडू आलं. नोकरीत मी कोणासमोर रडलेली नाही, पण तिथे रडले. तो गडबडला. पाणी आणलं, खुर्ची आणली. म्हणाला, रविवारी मीटिंग आहे, तिथे मी माझ्या तोंडाने सांगतो. तू आधी काही बोलू नको, ऑफिसात कळवू नको. माझं मला सांगू दे. शब्द देतो. मला ते पटलं. नाखवाला शोभेल असंच ते होतं, आणि मी डोळे पुसून घरी आले. एकदा फसलेलं माणूस शहाणं होतं म्हणतात. मी झाले नाही.

रविवारी धक्क्यावरच्या शेडमध्ये सगळे जमले. सुगंधाबायलाही मी निरोप पाठवला होता. ती येऊन दाराशी उभी राहिली. नाखवा उठला. आंघोळीबद्दल, जाळ्यांबद्दल तो इतकं छान बोलला की माझ्या मनातला राग थोडा निवळला. मग तो माझ्याकडे वळला.

"आता म्याडमचा म्हनना असा हाय का माझ्या भेटीच्या माशांमुळं टिकल्या येतान. म्याडम शिकलेल्या हायेत. पन तीन शिमगं भेटीचा मासा त्यांच्या दारात जातो. तवा नाय इचारला, कंच्या पिंजऱ्यातला?"

लोक हसले. पांडुरंगशेठ सगळ्यात मोठ्याने. आणि त्यात एक शब्दही खोटा नव्हता. मासा मी घेतला होता. विचारलं नव्हतं. वाळलेल्या जाळ्याबद्दल मात्र तो काहीच बोलला नाही. मी बोलायला लागले, वाटी दाखवली. तोवर टिकल्या सुकून कोंड्यासारख्या झाल्या होत्या. नाखवाने स्वतः कबूल केलंय, असं मी म्हणाले. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे इतक्या मायेने बघत होता, जणू काही मला ताप भरलाय. कोणीतरी चहा मागवला आणि मीटिंग संपली.

बाहेर सुगंधाबाय होती. मी तिला सगळं सांगायला लागले: त्याने मला शब्द दिला होता, त्याने मला कसं फसवलं, मी त्याला वडिलांसारखं मानत होते. तिने मला अर्ध्यातच थांबवलं.

"त्याचा मना काय नाय," ती म्हणाली. "तो जावयासाठी बोलला. सही तुजी हाय."

मला तिचाही राग आला. खरंच आला. इथे माझं काळीज फाटलंय आणि हिला सहीचं पडलंय, असं मला वाटलं. त्या दिवशी सगळ्यात जास्त अन्याय माझ्यावर झालाय, अशी माझी अगदी खात्री होती.

मी दुसरा अहवाल लिहिला. नववा पिंजरा, न घातलेली आंघोळ, माझी चूक, सगळं. साहेबांनी वाचला, चष्मा काढला, म्हणाले, ठेवून जा. तो तिथेच राहिला. मी दुसऱ्या खाडीचं काम मागून घेतलं. करंजाड्यात नाखवा समोरून येताना दिसला की मी गल्ली बदलायचे. तो मात्र लांबूनच हात करायचा, जेवलीस का विचारायचा. कधीकधी वाटायचं, त्याच्या लेखी काही घडलंच नाही. मला ओरडावंसं वाटायचं. ओरडायचं काय ते सुचायचं नाही.

पावसाळा संपल्यावर तो ऑफिसात आला. जावयाच्या दोन पिंजऱ्यांत नवं बीज सोडायचं होतं, त्यासाठी फॉर्मवर आमची सही लागते. त्या गटाचं काम बघणारा नवा अधिकारी रजेवर होता, म्हणून शिपायाने त्याला माझ्याकडे पाठवलं. तो समोरच्या खुर्चीवर बसला, आईची तब्येत विचारली आणि फॉर्म पुढे सरकवला. सात नंबर, आठ नंबर.

मी म्हणाले, सही करते. आधी सुगंधाबायला जाऊन एक वाक्य सांगा. जाळी वाळली होती. तीनच शब्द.

"इतकाच?" त्याने विचारलं.

इतकंच, मी म्हणाले. बाजार ऑफिसपासून पाच मिनिटांवर. मीही बरोबर निघाले. या खेपेला मला माझ्या कानांनी ऐकायचं होतं. वाटेत त्याला चारजण भेटले, चारही जणांशी तो हसून बोलला. बाजारात शिरलो तेव्हा गर्दी ओसरत आली होती. सुगंधाबाय सुरमई कापत होती. आम्ही ओट्यासमोर उभे राहिलो. तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा त्याच्याकडे.

"काय देऊ, नाखवा?"

नाखवाने घसा साफ केला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याचे ओठ हलले. मग त्याने ओट्यावर नजर फिरवली.

"कोलंबी दे," तो म्हणाला. "अर्धा किलो."

या माणसाने जन्मात कधी बाजारातून मासळी विकत घेतली नसेल. सुगंधाबायने कोलंबी तोलली. काटा भरल्यावर वर आणखी एक मूठ टाकली, पिशवीला गाठ मारली आणि त्याच्या हातात दिली. त्याने पैसे दिले, पिशवी घेतली आणि तो माझ्याकडे न बघता दाराकडे चालू लागला.

"तुला?" तिने मला विचारलं.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की ते वाक्य मीही तिला कधी सांगितलं नव्हतं. अहवालात लिहिलं होतं, साहेबांना सांगितलं होतं, सगळ्या पनवेलसमोर त्याच्या नावाने बोटं मोडली होती. तिला नाही. आणि मी त्याला मात्र सांगायला घेऊन आले होते.

"जाळी वाळली होती, सुगंधाबाय," मी म्हणाले. "मी न बघता सही केली."

"व्हती," ती म्हणाली. माझ्याकडे क्षणभर पाहिलं, आणि अर्धी राहिलेली सुरमई पुढे ओढली.

मी बाहेर आले. नाखवा दाराशी माझी वाट बघत थांबला होता. एका हातात कोलंबीची पिशवी, दुसऱ्या हातात जावयाचा फॉर्म, आणि खिशातलं पेन काढून तयार.

"गेलो ना मी तिच्याकडं," तो म्हणाला.

मी त्याच्या बाजूने पुढे निघाले. रस्ता ओलांडून मागे पाहिलं तेव्हा तो अजून तिथेच उभा होता, फॉर्म माझ्या दिशेने धरून.